पात्रयोजना, प्रायोगिक रंगभूमीवरील

प्रायोगिक नाटकासाठी नटनटींची निवड आणि भूमिकांचे वाटप. व्यावसायिक नाटकात निर्माता नाव पाहून नट घेतो. मराठी प्रायोगिक रंगभूमीवर बहुधा आधी संस्था आणि तिचा नटसंच तयार होतो, भूमिका त्यातच वाटल्या जातात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबई-पुण्यापुरती आहे.

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१ जुलै १९३३) या नाटकापाशी जातो. त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. स्त्रीपार्टी नटाची (स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाची) प्रथा बाजूला सारणारा प्रयोग म्हणून त्याचा निर्देश होतो. त्याला ‘पहिला’ म्हणणे मात्र अडचणीचे आहे. हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीत त्याआधीच स्त्रिया पुरुष नटांबरोबर काम करत होत्या आणि केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या तर त्याहून जुन्या. ‘नाट्यमन्वंतर’चे वेगळेपण सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील स्त्रिया रंगमंचावर येण्यात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. शिवाय ही संस्था फार काळ टिकली नाही. म्हणून सलग परंपरेची सुरुवात १९६० च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेपासून धरण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

नट नोकरी-व्यवसाय सांभाळून, बहुधा बिनमोबदला काम करत. त्यामुळे संध्याकाळच्या तालमीला कोण येऊ शकतो, हा प्रश्न अभिनयगुणांइतकाच निर्णायक ठरे. संहितेचे वाचन हीच पुष्कळदा चाचणी असे. ऐन वेळी नट न आल्यास बदली नट उभा करावा लागे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाच्या कथानकातच ही परिस्थिती येते : हौशी मंडळींतला रावते येत नाही आणि गावातला सामंत साक्षीदार म्हणून उभा केला जातो. रंगायनच्या प्रयोगात नायिका बेणारेबाईंची भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे स्वतः शिक्षिका होत्या.

‘घाशीराम कोतवाल’ (पुणे, १६ डिसेंबर १९७२) हे पात्रयोजनेच्या दृष्टीने सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण. ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी गाणारा-नाचणारा समूह. ही कल्पना कोकणातील नमन-खेळे या लोकनाट्यप्रकाराशी जोडली जाते. अशा रांगेसाठी नुसता संवाद म्हणणारा नट पुरत नाही. सूर, ताल आणि शेजाऱ्याच्या हालचालीचे भान लागते. एक माणूस चुकला की भिंतीला भोक पडते. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आणि नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे दोघेही पेशाने डॉक्टर. घाशीरामाची भूमिका रमेश टिळेकर यांची होती. हे नाटक सादर करणाऱ्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ या पुण्यातील संस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले, तेव्हा त्यातील बहुतेक कलावंत बाहेर पडले व त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली (२७ मार्च १९७३). नटसंच एकगठ्ठा राहिल्यानेच १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू होऊ शकले, असे म्हणता येईल. एरवी इतकी बसलेली रांग नव्या माणसांतून उभी करणे अवघड होते.

दादरच्या छबिलदास शाळेतील सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून प्रयोग सुरू केले. तेथे प्रेक्षक अगदी जवळ बसत. मोठ्या नाट्यगृहासाठी लागणारा कमावलेला आवाज ही अट त्यामुळे सैल झाली आणि हळू बोलणाऱ्या, चेहऱ्याने खेळणाऱ्या नटांना वाव मिळाला. याच जवळिकीमुळे तरुण नटाने रंगवलेला म्हातारा मात्र चटकन उघडा पडे.

नवे नट मिळण्याचे पुण्यातील मोठे क्षेत्र म्हणजे महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा (१९६३ पासून). महाविद्यालयाचा संघ स्पर्धेनंतर एकत्र राहून स्वतःची नाट्यसंस्था काढतो, असेही येथे घडते. अलीकडे मालिकांच्या चित्रीकरणाच्या तारखा सांभाळूनच तालमी ठरवाव्या लागतात.