ईगल, कीकॅड आणि फाइलीची मालकी

२०२३ मध्ये ऑटोडेस्क कंपनीनं जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर ईगल हे पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवायच्या छापील बोर्डाच्या, डिझाइनचं सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे मिळणार नाही, त्याचा सपोर्टही थांबेल. ‘नवीन आहात? मग ईगल शिका’ हा सल्ला मात्र जुन्या ट्युटोरियलमध्ये आजही जागोजागी सापडतो. सल्ला देणारे चुकले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी तो अगदी योग्य सल्ला होता. तो शिळा कसा झाला, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

संगणक येण्याआधी बोर्ड टेबलावर बनायचा. पारदर्शक मायलर प्लास्टिकच्या शीटवर ट्रॅकसाठी (भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा) काळी चिकटपट्टी आणि पॅडसाठी (भागांचे पाय सोल्डर करायच्या जागा) गोल स्टिकर, तेही खऱ्या मापाच्या दुप्पट किंवा चौपट आकारात. मग कॅमेऱ्यानं ते मूळ मापाला आणायचं. दोन थरांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना ट्रॅक असलेला बोर्ड असेल तर लाल आणि निळी पट्टी एकाच शीटवर लावायची आणि रंगीत फिल्टर वापरून दोन्ही थरांचे वेगवेगळे फोटो काढायचे. एखादी आयसी (चिप) चार मिलिमीटर सरकवायची म्हणजे ब्लेड घेऊन निम्मी पट्टी खरवडणं आलं.

यातलं फिल्म बनवण्याचं काम जोसेफ गर्बर यांच्या कंपनीच्या फोटोप्लॉटरनं यंत्राकडे नेलं. हे यंत्र प्रकाशाच्या ठिपक्यानं फिल्मवर थेट रेषा काढायचं. ठिपका गोल की चौकोनी, किती मोठा, हे एका चकतीवरच्या भोकांवरून ठरायचं. यंत्राला दिलेल्या हुकमांची यादी म्हणजेच गर्बर फाइल. चकती कधीच गेली, भाषा राहिली. जुन्या आरएस-२७४-डी पद्धतीत भोकांच्या मापांची यादी वेगळ्या फाइलीत असे आणि ती हरवली की उरलेल्या आकड्यांना काही अर्थ उरत नसे. पुढच्या आरएस-२७४-एक्समध्ये ही यादी गर्बरच्या पोटातच आली. बोर्डाला भोकं पाडणारं यंत्र मात्र निराळं होतं, त्याची एक्सेलॉन नावाची ड्रिल फाइलही निराळी, आणि ती आजही निराळीच आहे. कीकॅड या मोफत आणि खुल्या पीसीबी सॉफ्टवेअरमध्ये गर्बर काढल्यावर ड्रिल फाइलीसाठी वेगळं बटण दाबावं लागतं ते यामुळे. पहिल्यांदा बोर्ड करायला पाठवणाऱ्यांच्या झिप फाइलीत सगळे थर असतात आणि ड्रिल फाइल नसते, ही चूक फार नेहमीची.

१९८५ च्या सुमारास पीसीवर चालणारी सॉफ्टवेअर आली. ऑस्ट्रेलियात टास्मानियातून प्रोटेल निघालं, त्याचंच पुढे अल्टियम झालं. अमेरिकेत ओरेगनमधून ऑरकॅड आलं, नावातला ‘ऑर’ तिथलाच. १९९९ मध्ये ते केडन्स कंपनीनं घेतलं. ही सगळी कंपन्यांसाठीची साधनं, किमतीही तशाच. १९८८ मध्ये जर्मनीतल्या कॅडसॉफ्टनं ईगल आणलं आणि पुढे त्याची मोफत आवृत्ती दिली: दोन थर आणि १०० गुणिले ८० मिलिमीटरचा बोर्ड. हे माप कुठून आलं? युरोपातल्या उद्योगात १०० गुणिले १६० मिलिमीटरचा युरोकार्ड हा ठरलेला आकार. त्याचा बरोबर अर्धा भाग फुकट. पुढे ऑटोडेस्कनं मोफत आवृत्तीला ८० चौरस सेंटिमीटरची मर्यादा ठेवली, म्हणजे तोच अर्धा युरोकार्ड, फक्त आकार हवा तसा. शिकणाऱ्याला एवढी जागा पुरेशी असते. अडचण होते ती चार थर लागतात तेव्हा.

ईगल घराघरांत पोचलं ते आर्डुइनो या हौशी लोकांच्या छोट्या कंट्रोलर बोर्डामुळे. आर्डुइनोनं आपल्या बोर्डांच्या ईगल फाइली खुल्या ठेवल्या, असेच बोर्ड विकणाऱ्या स्पार्कफन आणि ॲडाफ्रूट या कंपन्यांनीही तेच केलं. तयार बोर्ड उघडायचा, हवा तो भाग उचलायचा, आपल्या डिझाइनमध्ये घालायचा. शिकण्याची याहून सोपी रीत नव्हती. पण गंमत अशी की हार्डवेअर खुलं होतं आणि ते उघडण्याची किल्ली एका कंपनीच्या खिशात होती. २००९ मध्ये ईगल प्रीमियर फार्नेल कंपनीकडे गेलं, २०१६ मध्ये ऑटोडेस्ककडे. जानेवारी २०१७ पासून कायमचं लायसन्स बंद होऊन वर्गणी सुरू झाली. आता तीच साधनं ऑटोडेस्कच्या फ्यूजन या सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट कामी आली. सहाव्या आवृत्तीपासून ईगलनं आपल्या फाइली एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपात लिहायला सुरुवात केली होती. त्या टेक्स्ट एडिटरमध्येसुद्धा वाचता येतात. म्हणूनच २०१८ च्या कीकॅड ५ ला अख्खा ईगल प्रोजेक्ट आत घेता आला. सहाव्या आवृत्तीआधीच्या ईगल फाइली बायनरी (मजकूर म्हणून न वाचता येणाऱ्या) आहेत आणि कीकॅड त्या उघडत नाही. आधी ईगल ६ किंवा ७ मध्ये उघडून पुन्हा सेव्ह कराव्या लागतात. कपाटात अशा फाइली पडून असतील तर चालणारं ईगल हाताशी आहे तोवर हे उरकून घ्यावं.

कीकॅडचा जन्म १९९२ चा, फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या ज्याँ-पिएर शारा यांच्या हातून. बरीच वर्षं ते ‘चालतं, पण सवय लागते’ या वर्गातलं होतं. कलाटणी दिली सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेनं. सर्न आपले हार्डवेअर आराखडे खुले करत होती, पण महागडं सॉफ्टवेअर नसलेल्याला खुल्या फाइलीचा उपयोग काय? म्हणून तिथल्या लोकांनी कीकॅडवर काम सुरू केलं. वाटेतले ट्रॅक बाजूला सारत पुढे जाणारा राउटर (ट्रॅक टाकायचं साधन) त्यांच्या कामातून आला आणि २०१५ च्या कीकॅड ४ मध्ये सगळ्यांना मिळाला. २०१९ मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. थर आणि आकार यांवर पैशांची मर्यादा नाही, फाइली साध्या मजकुरात. एक पथ्य आहे: नव्या मुख्य आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दोघं मिळून काम करत असाल तर दोघांकडे एकच आवृत्ती हवी.

कीकॅडचा हा वारसा वापरताना जाणवतो. मुळात ते वेगवेगळ्या प्रोग्रॅमचं कडबोळं होतं: स्कीमॅटिकचा (चिन्हांनी काढलेली सर्किटची आकृती) एक, फूटप्रिंट (भागाच्या पायांसाठी बोर्डवरच्या पॅडची मांडणी) जोडण्याचा दुसरा, बोर्डाचा तिसरा, आणि मध्ये नेटलिस्टची, म्हणजे कोणता पाय कशाला जोडायचा त्या यादीची फाइल. ईगलमध्ये दोन्ही खिडक्या उघड्या असल्या की स्कीमॅटिकमधला बदल बोर्डवर आपोआप उतरायचा. कीकॅडमध्ये तो एफ८ दाबून न्यावा लागतो. रेझिस्टर वाढवला आणि बोर्डवर दिसत नाही, असं झालं तर बहुधा एफ८ राहिलेलं असतं.

स्कीमॅटिकमधलं चिन्ह आणि फूटप्रिंट वेगळे असण्याचाही फटका बसतो. ईगलच्या लायब्ररीत दोन्ही एकाच भागात बांधलेले असत, कीकॅडमध्ये जोडी बऱ्याचदा आपण जुळवतो. बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर घ्या. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये क्रम उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्हींचं पॅकेज, म्हणजे बाहेरचं आवरण, टीओ-९२, फूटप्रिंट तेच. एकासाठी केलेल्या बोर्डवर दुसरा बसवला तर सोल्डरिंग सुबक होतं आणि सर्किट चालत नाही. शिवाय साध्या टीओ-९२ इनलाइन फूटप्रिंटमध्ये पॅड १.२७ मिलिमीटरवर असतात. कारखान्यात बनणाऱ्या बोर्डाला चालतं. घरी इस्त्रीनं छाप उठवून बोर्ड तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये टाकणार असाल तर २.५४ मिलिमीटरचा ‘वाइड’ घ्यावा, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटतात. घरच्या बोर्डासाठी ट्रॅकमधलं अंतरही ०.२ ऐवजी ०.४ ते ०.५ मिलिमीटर धरावं.

ईझीईडीए हा तिसरा प्रवाह, चीनमधून आलेला, ब्राउझरमध्ये चालणारा. लायब्ररीतले भाग थेट एलसीएससी या सुटे भाग विकणाऱ्या दुकानातले, बोर्ड बनवायला जेएलसीपीसीबी ही कंपनी. पहिला बोर्ड सर्वांत लवकर हाती पडतो तो इथे. मात्र लायब्ररीतले बरेच फूटप्रिंट वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, ते डेटाशीटशी (भाग बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकाशी) ताडल्याशिवाय वापरू नयेत. इथेही पुढचा दरवाजा उघडा आहे: कीकॅड ८ पासून ईझीईडीएचे प्रोजेक्ट आत घेता येतात.

बोर्डाआधी सर्किट संगणकावर चालवून पाहायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं केलेलं ईसिम आहे. स्कीमॅटिकसाठी कीकॅड आणि गणितासाठी एनजीस्पाइस, अशी त्याची बांधणी. तेही मोफत आणि खुलं.

आज कोरी पाटी असेल तर आमचं मत कीकॅडच्या बाजूनं आहे. पहिला आठवडा जड जातो, हे खरं. कॉलेजनं किंवा नोकरीनं अल्टियम लादलं असेल तर तेच शिकावं, कीकॅड ६ पासून त्याच्याही फाइली आत घेतल्या जातात. काहीही वापरा, बोर्ड पाठवण्याआधी कागदावर १०० टक्के मापाची प्रिंट काढा आणि खरे भाग त्यावर ठेवून बघा. प्रिंटरच्या खिडकीतला ‘पानात बसवा’ हा पर्याय आधी बंद करा. तो चालू राहून प्रिंट ९७ टक्के झाली तर ४० पायांच्या आयसीचा पहिला आणि विसावा पाय यांतलं ४८.२६ मिलिमीटरचं अंतर ४६.८ भरतं. मग तुम्ही बरोबर असलेला फूटप्रिंट दुरुस्त करत बसता.