खोडदची विज्ञानजत्रा आणि शेजाऱ्यांनी जपलेली शांतता

जुन्नर तालुक्याला जत्रांचं नावीन्य नाही. ओझर आणि लेण्याद्रीला गणेशभक्तांची गर्दी बारमाही, चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, आणि नारायणगावला तर तमाशाची पंढरीच म्हणतात. याच तालुक्यात फेब्रुवारी संपता संपता खोडदच्या माळावर विज्ञानाची जत्रा भरते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजेच जीएमआरटी ही दुर्बीण सर्वांसाठी खुली होते. प्रवेश मोफत. जुन्नर-आंबेगावच्या शाळांची मुलं गाड्या भरभरून येतात. शेतातली कामं आवरून आलेली माणसं असतात, कडेवर पोरं घेतलेल्या आया असतात, पुण्याहून आलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असतात. शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ दिवसभर उभे राहून मराठीत समजावून सांगत असतात.

तारीख २८ फेब्रुवारीची, कारण १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांना कोलकात्यात प्रकाशाच्या विकिरणाचा आपला शोध लागला. १९८७पासून देशभर हा दिवस साजरा होतो. पुष्कळ ठिकाणी भाषण, हार आणि चहा यांवर तो उरकतो. पुणे परिसरातल्या संस्थांनी मात्र त्या दिवशी दारं उघडायची चांगली रीत पाडली आहे. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था गणेशखिंडीत आपलं आवार लोकांना मोकळं करते. तिथे टांगलेला फुकोचा लंबक तासाला पावणेपाच अंशांनी आपली दिशा बदलताना दिसतो. पृथ्वी फिरते हे तिथे पुस्तकाविना पटतं. तरी मला खोडदचं मोल अधिक वाटतं, आणि त्याचं कारण ती दुर्बीण ज्या जागी उभी आहे त्यात आहे.

आधी दुर्बिणीविषयी. ती अनेक तबकड्यांची मिळून बनलेली आहे, आणि एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. लांबून ती भरीव दिसते, पण जवळ जाऊन मान वर केली की तिच्यातून आरपार आभाळ दिसतं. पत्रा कुठेच नाही, आहे ती स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारांची जाळी. मध्यभागी जाळीची घरं एक सेंटिमीटरची, कडेला जाता जाता दोन सेंटिमीटरची. ही जाळी ताणलेल्या दोरांच्या आधाराने चौकटींवर बसवलेली आहे. पाहुणे हमखास विचारतात, एवढी भोकं असताना आभाळातून येणाऱ्या रेडिओ लाटा खाली निसटत नाहीत का? या दुर्बिणीने टिपायच्या लाटांची लांबी साधारण २० सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत असते. लाटेच्या लांबीपेक्षा भोक बरंच लहान असलं की लाटेच्या दृष्टीने ती जाळी आरशासारखीच वागते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. त्यामुळे वाऱ्याचा भार कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आटोक्यात.

ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. १९६३ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. सुरुवात कल्याणजवळ ३२ छोट्या तबकड्या मांडून, सूर्याच्या निरीक्षणाने झाली. त्या तबकड्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या होत्या. मग उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७०मध्ये उभी राहिली. त्यानंतर खोडद. २००१ साली जीएमआरटी औपचारिकरीत्या राष्ट्राला अर्पण झाली. आज पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. २०२०मध्ये स्वरूप गेले. परदेशी आराखडा न उचलता आपल्या खिशाला आणि आपल्या हवामानाला झेपेल अशी दुर्बीण बांधता येते, हे त्यांनी करून दाखवलं. प्रत्येक शाळकरी मुलाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

अशा तबकड्या ३० आहेत. १४ मध्यवर्ती भागात जवळजवळ, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या तीन लांबलचक भुजांवर, गावांच्या आणि शेतांच्या मध्ये. सर्वांत दूरच्या दोघींतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. एकच लाट दोन तबकड्यांवर किंचित मागेपुढे पोचते आणि त्या फरकातून स्रोताची नेमकी जागा नि त्याचा आकार काढता येतो. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. साऱ्या जोड्यांची माहिती जुळवली की बारकावे टिपण्यापुरती ती २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण होते.

तिने काय पाहिलं, याचा एक दाखला देतो. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची, एक फार क्षीण लाट सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरवरून येता येता ही लाट ताणली जाते. २०२३च्या जानेवारीत बातमी आली की कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी खोडदच्या दुर्बिणीतून एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लाट पकडली. निघाली तेव्हा ती २१ सेंटिमीटरची होती, पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची. प्रवासाचा काळ सुमारे ८८० कोटी वर्षं, म्हणजे ती निघाली तेव्हा आपली पृथ्वी जन्मालाही आली नव्हती. वाटेत आडव्या आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ही लाट सुमारे तीसपट ठळक केली, म्हणून ती हाती लागली.

आता जागेविषयी. अशा क्षीण लाटा ऐकायच्या तर आसपास गोंगाट नको, आणि इथला गोंगाट कानाला ऐकू न येणारा आहे. साध्या मोबाइलचं प्रक्षेपण फार तर एखाद-दोन वॉटचं. तोच मोबाइल चंद्रावर ठेवून चालू केला, तर रेडिओ आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांमध्ये त्याची गणना होईल. मग तबकडीखाली कुणाच्या खिशात वाजणाऱ्या मोबाइलचं काय होत असेल! खोडद निवडलं ते यासाठीच. भोवती डोंगर, त्यामुळे मोठ्या शहरांच्या लहरी अडतात. वारा माफक, बर्फाचा प्रश्न नाही. चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असल्याने वरचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, त्यामानाने शांत, आणि तरीही दक्षिणेकडचं बरंचसं आकाश दिसतं. शिवाय पुणं ८० किलोमीटरवर.

हे ठरलं १९८०च्या दशकात. तेव्हा या गावांत टेलिफोनसुद्धा मोजकेच होते. आता घरोघरी मोबाइल, वायफाय, चार्जर, एलईडी दिवे आणि शेतोशेती विजेचे पंप आहेत. विजेच्या खांबावरचा इन्सुलेटर सैल झाला किंवा तडकला की तिथे बारीक ठिणग्या उडतात, आणि त्यांचा खरखराट दुर्बिणीच्या जवळजवळ सगळ्या वारंवारतांवर उमटतो. अद्ययावत केल्यावर जीएमआरटी १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंत चार पट्ट्यांत काम करते, पण ८५० ते १०५०च्या मध्ये खंड आहे. मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झची सेवा नेमकी तिथे बसते. गोंगाट वेगळा काढणारी संगणकप्रणाली दुर्बिणीने उभी केली आहे, तरी मुळात गोंगाट कमी असण्याला पर्याय नाही.

म्हणजे ही दुर्बीण जितकी शास्त्रज्ञांच्या हातात आहे तितकीच शेजारच्या गावांच्याही. एखाद्या प्रयोगशाळेला भिंत बांधून बाहेरच्या जगापासून वेगळं होता येतं, खोडदच्या दुर्बिणीला येत नाही. तिच्या भुजा लोकांच्या शेताच्या कडेने जातात, आणि कुणी कुठे टॉवर उभारतो, कोणता कारखाना येतो, यावर तिचं काम अवलंबून असतं. म्हणून वर्षातून एकदा दार उघडणं हा मला उपकार वाटत नाही. लोकांनी जी शांतता राखली, तिचं पुढे काय झालं हे त्यांना दाखवणं हे शास्त्रज्ञांनी फेडायचं देणं आहे.

जत्रेतला मोठा भाग शाळा-कॉलेजांनी मांडलेल्या प्रयोगांचा असतो. थर्मोकोलचे ज्वालामुखी आणि बाजारातून आणलेले सौर संच कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात दिसतात. मुलं ‘आमच्या प्रकल्पाचं नाव आहे’ इथून पाठ केलेलं एका दमात म्हणून दाखवतात, आणि परीक्षक पुढे सरकतात. माझी पालकांना आणि गुरुजींना विनंती आहे, तिथे थांबून एक प्रश्न विचारा. इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारी जेसीबी जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात असते. मुलाला म्हणा, एका बाजूची सिरिंज ५ मिलिलिटरची आणि दुसरीकडची २० मिलिलिटरची लावून बघू या का? छोटी दाबली की मोठीचा दट्ट्या थोडासाच सरकतो, पण जोर जास्त लावतो. उलट केलं की हालचाल जास्त, जोर कमी. दाब दोन्हीकडे सारखाच, क्षेत्रफळ वेगळं. हे स्वतःच्या अंगठ्याला जाणवलेलं पोर पास्कलचा नियम विसरत नाही.

आणि जीएमआरटीकडे एक मागणी. पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावमार्गे केलेली मूळ आखणी दुर्बिणीला बाधा येईल म्हणून रेल्वे मंत्रालयाने नाकारली. मार्ग दुसरीकडे वळवण्याचं ठरलं, आणि परिसरात साहजिकच नाराजी पसरली. टोमॅटो आणि कांदा बाजारात पोचवणाऱ्या शेतकऱ्याला रेल्वे हवी असणं अगदी रास्त आहे. विजेवरच्या गाडीच्या टपावर तारेशी होणाऱ्या ठिणग्या आणि तिची संदेशयंत्रणा दुर्बिणीला मारक ठरू शकते, हेही खरं आहे. हा वाद जत्रेबाहेर ठेवू नये. एका मंडपात तिसही तबकड्यांचा मोठा नकाशा लावावा, त्यावर रस्ते, रेल्वेचे मार्ग आणि मोबाइलचे टॉवर दाखवावेत. शेजारी मीडियम वेव्हचा साधा ट्रान्झिस्टर ठेवावा, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावलेला. त्याच्याजवळ आधी स्वस्तातला एलईडी दिवा न्यावा, मग मोबाइलचा चार्जर. खरखर वाढलेली आजीबाईंनाही ऐकू येईल. मग शास्त्रज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी त्याच मंडपात बसून बोलावं, बोगदा काढता येईल का, रुळांची वाट किती किलोमीटर सरकवली तर चालेल, आणि त्या बदल्यात या गावांना काय मिळेल.