तापलेली गच्ची, उघडा पाय आणि डेकिंगची निवड

सोलापुरात नव्या घराच्या गच्चीचा विषय निघाला की हल्ली दोन पर्याय हमखास पुढे येतात, एक सिरॅमिक फरशी आणि दुसरा कंपोझिट डेकिंग, म्हणजे लाकडाचा भुसा व पॉलिथिलीनसारखे प्लॅस्टिक एकत्र करून ओढलेल्या पट्ट्या. त्यांच्यासोबत एक विधानही फिरते, की फरशी तापते आणि डेक तापत नाही. हे विधान अर्धेच खरे आहे, आणि ते नेमके कुठे चुकते हे पाहिल्यास निवड करणे पुष्कळ सोपे होते.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि त्या वेळी आकाश निरभ्र असेल तर आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. तिच्यातली किती शोषली जाणार हे मुख्यतः रंगावर ठरते. फिकट फरशी बराच प्रकाश परत फेकते, तर गडद तपकिरी पट्टी जवळजवळ सगळा गिळते. वास्तुशास्त्राच्या नावाखाली आग्नेयेला लाल आणि नैर्ऋत्येला गडद फरशी बसवण्याचा सल्ला दिला जातो, परंतु डोक्यावरच्या सूर्याला गच्चीचा आग्नेय कोपरा आणि ईशान्य कोपरा यांत काहीच फरक करता येत नाही. त्या सल्ल्याचा परिणाम एवढाच होतो, की नेमका तोच कोपरा उन्हाळ्यात पाय ठेवण्याजोगा राहत नाही.

पृष्ठभाग किती तापतो हा एक प्रश्न झाला. तो पायाला किती भाजतो हा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. दोन वेगळ्या तापमानांचे पदार्थ एकमेकांना टेकले की स्पर्शाच्या जागी तत्काळ एक मधले तापमान प्रस्थापित होते, पण ते दोन तापमानांच्या बरोबर मध्यावर नसते. ज्या पदार्थाची ‘थर्मल इफ्युझिव्हिटी’ जास्त, त्याच्याकडे ते झुकते. उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा या तिन्हींचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की ही राशी मिळते. पदार्थ आपल्या पोटातली उष्णता पृष्ठभागावर किती तत्परतेने आणून देतो, याचे ते माप आहे. आंतरराष्ट्रीय एककांत ती त्वचेसाठी सुमारे १२००, पोर्सिलेन, म्हणजे पक्क्या भाजलेल्या सिरॅमिक फरशीसाठी १५०० च्या आसपास, कंपोझिटसाठी सात-आठशे आणि साध्या लाकडासाठी चारशेच्या घरात येते.

आता समजा, फरशी आणि कंपोझिट दोन्ही ६५ अंश सेल्सिअसला आहेत आणि तळपाय ३४ अंशांना आहे. इफ्युझिव्हिटीच्या प्रमाणात वजन देऊन सरासरी काढली तर फरशीवर स्पर्शाचे तापमान सुमारे ५१ अंश येते, कंपोझिटवर ४६. साधारण ४४ अंशांच्या पुढे वेदना सुरू होते, त्यामुळे दोन्हींवर पाय उचलावाच लागतो, पण फरशीवर तो अधिक घाईने उचलावा लागतो. काही जत्रांत लोक निखाऱ्यांवरून चालतात, त्यातले रहस्यही बहुतांशी हेच आहे. कोळसा हलका आणि उष्णतेचा मंद वाहक, त्यावर राखेचा थर, आणि प्रत्येक पाऊल क्षणभरच टेकलेले. याला अंगात आलेल्या शक्तीची गरज नाही, आणि तेवढीच तापलेली लोखंडी पत्र्याची वाट अंथरली तर कोणताही भगत तिच्यावरून चालणार नाही.

इथपर्यंत ‘डेक तापत नाही’ म्हणणारा जिंकला असे वाटेल. पण दोन्ही पृष्ठभाग सारखेच तापतील हे आपण केवळ गणितासाठी धरले होते. कंपोझिट उष्णता आत जाऊ देत नाही, शिवाय पट्टी बहुधा पोकळ आणि खाली हवा, म्हणून शोषलेली ऊर्जा वरच अडकते आणि पृष्ठभाग अधिक चढतो. सिमेंटने स्लॅबला चिकटलेली फरशी मात्र तीच उष्णता खाली झिरपू देते. गडद कंपोझिट ७२ अंशांवर आणि फिकट फरशी ५४ वर धरून तेच गणित पुन्हा केले, तर कंपोझिटवर ४९ आणि फरशीवर ४५ अंश येतात. निकाल उलटला! त्यात भर म्हणजे पाय टेकून स्वस्थ उभे राहिले की पदार्थाचा फायदा उत्तरोत्तर संपत जातो, आणि सलग १० मिनिटांच्या स्पर्शासाठी भाजण्याची सुरक्षित मर्यादा सगळ्याच पदार्थांना ४८ अंश धरतात.

संध्याकाळी चित्र पुन्हा बदलते. दिवसभर खाली झिरपलेली उष्णता १२ सेंटिमीटरच्या स्लॅबमध्ये आणि त्यावरच्या कोब्यात साठलेली असते. गच्चीवर पाणी मारले की फरशी लगेच निवते, कारण वरच्या १० मिलिमीटर जाडीला २० अंशांनी थंड करायला प्रत्येक चौरस मीटरमागे दीड-दोनशे मिलिलिटर पाण्याची वाफ पुरते. परंतु खालचा स्लॅब तेवढाच उतरवायचा तर तिथे दोन लिटर लागतात, म्हणजे ६० चौरस मीटरच्या गच्चीला सव्वाशे लिटरच्या आसपास, तेही प्रत्येक थेंबाची वाफ झाली तर. म्हणूनच अर्ध्या तासात फरशी पुन्हा कोमट लागते, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा उपाय रोज करता येण्यासारखा नाही. फ्रेमवर उचलून बसवलेली कंपोझिट पट्टी मात्र सूर्य मावळताच भराभर निवते, आणि तिची सावली स्लॅबवर पडल्यामुळे खालच्या खोलीचे छतही कमी तापते. अर्थात जाड पोर्सिलेन फरशी छोट्या आधारांवर उचलून बसवली तर हा सावलीचा फायदा तिलाही मिळतो. जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर हे काम करत असे.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात सांगता येईल. पोर्सिलेन सुमारे १२०० अंशांवर भाजलेले असते, ते अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही आणि उन्हाने त्याचा रंग उडत नाही. मात्र भिंतीसाठीची स्वस्त टाइल गच्चीवर लावू नये, आणि गुळगुळीत चकाकी तर मुळीच नको, कारण पहिल्या वळवाच्या पावसात तिच्यावरून पाय घसरतो. कंपोझिटमधले प्लॅस्टिक अतिनील किरणांनी फिके पडते, त्यामुळे वर पॉलिमरचे आवरण असलेला प्रकार घ्यावा. शिवाय प्लॅस्टिक पुष्कळ प्रसरण पावते. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तीन मीटरची पट्टी सहा-सात मिलिमीटर वाढू शकते, तर ६० सेंटिमीटरची फरशी जेमतेम ०.२ मिलिमीटर. तरीही फरशांमध्ये फट राखणारे स्पेसर न घालता सांधे बंद केले तर संपूर्ण गच्चीचा ताण एका ठिकाणी जमतो आणि फरशी उठते, आणि पट्टीच्या टोकाला जागा न सोडता मिस्त्रीने ती भिंतीला घट्ट भिडवली तर ती कमान धरते.

दुपारी गच्ची वापरात असेल तर फिकट, खरखरीत पोर्सिलेन मला अधिक पटते. बसणे-झोपणे रात्रीचेच असेल तर फिकट रंगाचे उचललेले कंपोझिट चांगले, पण गडद कंपोझिट मी सोलापुरात कुणालाही सुचवणार नाही. दुकानदाराकडून दोन्हींचे नमुने मागून घ्यावेत, फरशीचा तुकडा स्लॅबवर वाळूत बसवावा आणि पट्टी दोन विटांवर ठेवावी, आणि ताप मोजण्याच्या इन्फ्रारेड बंदुकीऐवजी औद्योगिक वापराची बंदूक मिळाली तर दुपारी दोनला व रात्री आठला दोन्हींचे आकडे लिहून ठेवावेत. दोन्ही पृष्ठभागांची उत्सर्जनक्षमता, म्हणजे उष्णतेचे किरण बाहेर टाकण्याची क्षमता, ०.९ च्या जवळपास असल्याने हे आकडे विश्वासार्ह येतात, फक्त चकचकीत धातूवर ती बंदूक फसते.