इन्स्पायर अवॉर्ड मानकचा अर्ज: कल्पना चांगली असूनही मुलं का राहून जातात

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही शाळेतल्या मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना. दरवर्षी जून उजाडला की शिक्षकांच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो: ‘इन्स्पायरला मॉडेल तयार नाही, अर्ज करता येईल का?’ येईल. अर्ज कल्पनेचा आहे, मॉडेलचा नाही. मॉडेल करायला पैसे मिळावेत म्हणूनच ही योजना आहे. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग निवड झालेल्या मुलाच्या खात्यात थेट 10,000 रुपये टाकतो. कल्पना पारखण्याचं आणि पुढे मुलांना हात देण्याचं काम गांधीनगरजवळचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान करतं.

सहावी ते बारावीत शिकणारं, 10 ते 17 वयाचं कोणतंही मूल यात बसतं. पूर्वी ही मर्यादा दहावीपर्यंत होती, त्यामुळे जुनं परिपत्रक हातात धरून अकरावी-बारावीच्या मुलांना परत पाठवणारे मुख्याध्यापक अजूनही भेटतात. शाळा सरकारी, अनुदानित, खासगी कशीही चालते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागत नाही, तहसीलला एकही फेरी नाही. मात्र मुलाला किंवा पालकांना परस्पर अर्ज करता येत नाही. नामांकन शाळेनेच ई-मिआस या योजनेच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचं असतं, आणि एका शाळेला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच कल्पना पाठवता येतात. म्हणून आधी शाळेत छोटी कल्पना स्पर्धा घ्या. हुशार तुकडीतली पाच नावं मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठरवून टाकणं हा तिचा पर्याय नव्हे.

पहिली अडचण पासवर्डची. शाळेची पोर्टलवर एकदाच नोंदणी होते. ती जिल्ह्याच्या शिक्षण विभागाने मंजूर केली की लॉगिनचा तपशील नोंदवलेल्या ईमेलवर येतो. तो ईमेल बहुतेक शाळांत चार वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या विज्ञान शिक्षकाचा असतो, मोबाइल नंबरही त्यांचाच. सप्टेंबरमध्ये त्यांना शोधत बसण्यापेक्षा आत्ताच फोन करा आणि शाळेचा ईमेल लावून घ्या. नोंदणीच नसेल तर आणखी लवकर जागे व्हा, कारण मंजुरी देणाऱ्या टेबलावर एकटी तुमचीच शाळा नसते. शेवटची तारीख दरवर्षी परिपत्रकात येते, बहुधा सप्टेंबरात. ती नामांकन पूर्ण होण्याची तारीख असते, नोंदणी सुरू करण्याची नव्हे. ‘मुदतवाढ मिळतेच’ या भरवशावर राहू नका. मिळते कधीकधी, पण तेव्हा सगळा जिल्हा रात्री अकरा वाजता त्याच पोर्टलवर असतो. आणि माहिती जतन केली म्हणजे अर्ज गेला असं नाही. पुढे पाठवल्याची खूण स्क्रीनवर दिसेपर्यंत खुर्ची सोडू नका, दिसली की प्रिंट काढून फाईलला लावा.

आता बँक खातं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

खातं मुलाच्या नावावर हवं. आईचं चालत नाही, शाळेचं तर नाहीच. गावातल्या पतसंस्थेचं पासबुक घेऊन येणारे पालक दरवर्षी दोन-तीन असतात. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला स्वतःचा आयएफएससी कोड नसतो. बँकेचंच पासबुक असलं तरी त्यावर छापलेला कोड आंधळेपणाने उतरवू नका. 2019 आणि 2020 मध्ये देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद, कॉर्पोरेशन अशा बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, कोड बदलले, पण घरातल्या डब्यातलं पासबुक जुनंच राहिलं. शिष्यवृत्तीसाठी तिसरीत उघडलेलं आणि नंतर कुणी बघितलंही नाही असं खातं बंद पडलेलं असू शकतं. पालकांना या आठवड्यात बँकेत पाठवा, वीस रुपये भरायला सांगा आणि पासबुक छापून आणायला सांगा. खातं जिवंत आहे की नाही ते तिथेच कळतं. खातं नसेल तर दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं उघडता येतं. काउंटरवरचे साहेब ‘अठरा झाल्यावर या’ म्हणाले तर शाखा व्यवस्थापकाला भेटा. रिझर्व्ह बँकेने ही परवानगी 2014 सालीच दिलेली आहे.

नावाचं प्रकरण वेगळंच. आमच्या आठवीतल्या एका मुलीचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरला एक, आधारवर इंग्रजीत शेवटी एक ‘ए’ जास्त, आणि पासबुकावर आडनावच आधी. निवड झाली, शाळेत पेढे वाटले, पैसे आलेच नाहीत. बँक म्हणे शाळेकडून दुरुस्ती आणा, शाळा म्हणे पोर्टल बंद झालंय. मुलीने शेवटी मामाच्या पैशांनी मॉडेल केलं. तेव्हापासून मी नामांकनाआधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो आणि एकेक अक्षर बोटाने जुळवतो. फरक निघाला तर आधी आधार किंवा बँकेत दुरुस्ती करून घ्या. शाळेच्या रजिस्टरला हात लावायचा तर शिक्षण विभागाची परवानगी लागते, आणि त्यात वर्ष जातं. पंधरा पूर्ण झालेल्या मुलांचे बोटांचे ठसे आधारला पुन्हा द्यावे लागतात, तेही याच फेरीत उरकून घ्या.

एवढं सगळं जुळलं तरी कल्पना नापास होतेच, आणि तिथे दोष बहुतेक वेळा आपला, शिक्षकांचा असतो. ज्वालामुखी, पवनचक्की, पावसाचं पाणी साठवणारं घर हे विज्ञान प्रदर्शनाचे प्रयोग आहेत. इथे बघतात ते नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरणाला त्रास आहे का, वापरायला सोपं आहे का, आणि बाजारात आहे त्यापेक्षा सरस काय. यूट्यूबवरून उचललेला ‘स्मार्ट डस्टबिन’ एकाच तालुक्यातून कितीतरी वेळा जात असेल. निवडणारे ते पहिल्या ओळीलाच ओळखतात.

‘कापूस वेचणी यंत्र’ असं लिहिलंत तर संपलं. आमच्या आठवीतलाच एक मुलगा रफ वहीत लिहून आला होता: आईच्या ओटीत, म्हणजे वेचलेला कापूस टाकायच्या झोळीत, कापूस भरत जातो तसं वजन मानेवर येतं, संध्याकाळी ती मान शेकत बसते. ओटीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा लावून वजन दोन्ही खांद्यांवर आणि कंबरेवर घ्यायचं, तळाला चेन लावायची, म्हणजे न वाकता कापूस रिकामा होईल. खाली पेन्सिलने चित्र, त्यात आईचा पदरसुद्धा काढलेला. मला फक्त शुद्धलेखन दुरुस्त करावं लागलं, आणि खरं तर तेही करायला नको होतं. कल्पना मराठीतच लिहू द्या. अडचण कुणाची, आज ते लोक काय करतात, मी काय बदलणार, हे आलं की झालं. हाताने काढलेल्या आकृतीचा स्वच्छ फोटो जोडा. ‘बहुउद्देशीय स्वयंचलित’ असले शब्द आपण घालतो, मुलं घालत नाहीत.

पुढचा प्रवास थोडक्यात: देशभरातून सुमारे एक लाख कल्पना निवडायचं योजनेचं उद्दिष्ट आहे. जिल्हा प्रदर्शनातून दहा हजार राज्यपातळीवर, तिथून एक हजार राष्ट्रीय प्रदर्शनात, आणि शेवटी साठ.

जिल्हा प्रदर्शनाची तारीख मात्र अचानक येते, कधी आठ दिवस आधी. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात सामान घ्या, बिलं एका पाकिटात ठेवा. परीक्षक मुलालाच प्रश्न विचारतात, तेव्हा सुताराकडून चकाचक करून आणलेलं मॉडेल दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. एसटीत मॉडेल मांडीवर घेऊन जायचं असतं, रस्ते तुम्हाला माहीत आहेतच, म्हणून मुलाच्या दप्तरात इन्सुलेशन टेप, पक्कड, जास्तीची वायर आणि सुई-दोरा आठवणीने टाका.