ग्राँ कोस : चुनखडकाच्या पठारांवरील ट्रेल रनिंग मार्ग

फ्रान्सच्या दक्षिणेला, मासिफ साँत्राल या डोंगराळ प्रदेशाच्या दक्षिण अंगाला, चुनखडकाची विस्तीर्ण पठारे पसरली आहेत. अशा पठाराला तिथे ‘कोस’ म्हणतात आणि सगळ्यांना मिळून ‘ग्राँ कोस’, म्हणजे मोठी पठारे. सोव्हतेर, मेजाँ, न्वार आणि लार्झाक ही त्यांतली चार मोठी. सोव्हतेर आणि मेजाँ यांच्यामधून तार्न नदी वाहते, मेजाँ आणि न्वार यांना जोंत नदी वेगळे करते, तर न्वार आणि लार्झाक यांच्यामध्ये दुर्बी नदीची दरी आहे. तार्न आणि दुर्बी यांच्या संगमावर मियो हे गाव वसले आहे. फ्रान्समध्ये ट्रेल रनिंग, म्हणजे डोंगरवाटांवरून लांब पल्ल्याचे धावणे, रुजले ते मुख्यतः याच गावाच्या आसपास. पठारांची उंची साधारण ८०० ते १,२०० मीटर आणि दऱ्यांची खोली ४०० ते ६०० मीटर. त्यामुळे इथल्या कुठल्याही लांब मार्गाची घडण ठरलेली असते : दरीतून उभा चढ, वर मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट धाव, मग कड्यावरून पुन्हा तितकाच उतार आणि लगेच पुढचा चढ.

या घडणीचे मूळ खडकात आहे. ज्युरासिक काळात इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे चुनखडक आणि डोलोमाइट (चुनखडकासारखाच, पण मॅग्नेशियम असलेला खडक) झाले. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक हळूहळू विरघळवते. भेगा रुंदावत जातात, त्यांची विवरे होतात, विवरांच्या गुहा होतात. पाऊस बऱ्यापैकी पडूनही पठारावर ओढा नाही, झरा नाही. पडलेले पाणी सरळ खाली उतरते आणि शेकडो मीटर खालच्या दरीत, कड्याच्या पायथ्याशी, झरा होऊन बाहेर येते. तार्न नदी उगम पावते लोझेर पर्वताच्या ग्रॅनाइटमध्ये, पण घळीतून जाताना तिला भर पडते ती बरीचशी या झऱ्यांची. जोंत तर उन्हाळ्यात काही अंतरावर आपल्याच पात्रात गडप होते आणि पुढे पुन्हा वर येते.

पृष्ठभागाखालचे हे जग पहिल्यांदा पद्धतशीरपणे तपासले फ्रेंच गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी. १८८८ पासून त्यांनी या भागातल्या गुहांमध्ये मोहिमा काढल्या, आणि १८९७ मध्ये त्यांचे सहकारी लुई आर्मां यांना मेजाँ पठारावर एक खोल विवर सापडले. आव्हेन आर्मां या नावाने ते आज प्रसिद्ध आहे. न्वार पठारावर डोलोमाइट असमान झिजल्यामुळे सुळके, कमानी आणि भिंतींचा एक मोठा पसारा तयार झाला आहे. त्याला नाव पडले मोंपेलिए-ल-व्हिय, म्हणजे जुने मोंपेलिए, कारण दुरून ते उजाड झालेल्या शहरासारखे दिसते. त्या भिंतींमधून धावताना पायाखाली वाळू लागते. तीही डोलोमाइटचीच.

सह्याद्रीत धावणाऱ्याला इथे दोन गोष्टी वेगळ्या जाणवतील. आपला बेसाल्ट काळा, खडबडीत आणि कोरडा असताना पायाला चांगली पकड देणारा. इथला चुनखडक फिकट असतो, पायवाटेवर वर्षानुवर्षे पावले पडून गुळगुळीत होतो आणि ओला झाला की फार निसरडा. दुसरी गोष्ट पाण्याची. सह्याद्रीतल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात, कारण तो कातळ पाणी धरून ठेवतो. कोसवर खडक पाणी धरत नाही. म्हणून शेतकऱ्यांनी घराच्या छपरावरचे पाणी कमानीच्या बंदिस्त हौदांत साठवले, आणि मेंढ्यांसाठी जमिनीतल्या नैसर्गिक खळग्यांना चिकणमाती व दगडी फरसबंदीचा तळ देऊन उथळ तळी बांधली. या तळ्यांना तिथे लाव्होन्य म्हणतात. वाटा एका लाव्होन्यकडून दुसऱ्याकडे जातात. त्यातले पाणी माणसाने पिण्याचे मात्र नव्हे.

वाटा मुळात मेंढपाळांच्या आहेत. उन्हाळा लागला की भूमध्य समुद्राकडच्या मैदानातले कळप थंड कुरणांच्या शोधात सेव्हेनच्या डोंगरांवर आणि पठारांवर चढत. त्यांच्या येण्याजाण्याने पडलेल्या रुंद वाटा ‘द्राय’ या नावाने ओळखल्या जातात. दोन्ही बाजूंना रचीव दगडांचे बांध, मध्ये हजारो खुरांनी झिजलेली भुई. आज ‘जे एर’ या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांनी दाखवलेल्या लांब पल्ल्याच्या पदमार्गांपैकी काही याच वाटांवरून जातात. तार्न घळीच्या बाजूने जाणारा ‘जे एर ७३६’ आणि लार्झाकवरून जाणारा ‘जे एर ७१’ हे धावणाऱ्यांच्या विशेष आवडीचे. मेंढपाळीवर घडलेला हा भूप्रदेश म्हणूनच २०११ मध्ये, कोस आणि सेव्हेन मिळून सुमारे ३ लाख हेक्टर, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

लाकोन जातीच्या मेंढ्यांचे दूध आजही इथल्या अर्थकारणाचा कणा आहे. त्यापासून होणारे रोकफोर हे निळ्या बुरशीचे चीज कोंबालू डोंगराच्या कोसळलेल्या कडेखालच्या गुहांत पिकवले जाते. चुनखडकाच्या भेगांतून येणारी दमट, गार हवा त्या गुहांना वर्षभर खेळती ठेवते. १९२५ मध्ये कायद्याने संरक्षित उगमनाम (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच वापरता येणारे नाव) मिळालेले ते फ्रान्समधले पहिले चीज. मियो गाव कोकराच्या कातड्याच्या हातमोज्यांसाठी नावाजले, तेही याच कळपांमुळे. मेंढ्या चरायच्या थांबल्या तर पठारावर झुडपे आणि पाइन माजतात. मोकळे माळ आणि मोकळ्या वाटा दोन्ही मेंढ्यांनीच राखल्या आहेत, हे या प्रदेशात धावणाऱ्याने लक्षात ठेवायलाच हवे.

ही जमीन टिकली त्यामागे एक लढाही आहे. १९७१ मध्ये फ्रान्स सरकारने लार्झाकवरचा लष्करी तळ ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवायचे ठरवले. जमीन विकणार नाही अशी शपथ १९७२ मध्ये १०३ शेतकऱ्यांनी घेतली. त्याच वर्षी लांझा देल व्हास्तो यांनी त्यांच्या बाजूने ला काव्हालरी गावात पंधरा दिवसांचा उपवास केला. हे इटालियन वंशाचे विचारवंत १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींपाशी राहून गेले होते आणि गांधीजींनी त्यांचे नाव शांतिदास ठेवले होते. वर्ध्याहून निघालेला अहिंसेचा धागा लार्झाकच्या मेंढपाळांपर्यंत असा पोहोचला. शेतकऱ्यांनी मेंढ्या आयफेल टॉवरखाली नेऊन चारल्या, पॅरिसपर्यंत पायी मोर्चा काढला, आणि दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, अध्यक्ष मितेराँ यांनी ती योजना रद्द केली. आज लार्झाकवर धावता येते ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

स्पर्धांची परंपरा मियोमध्ये डांबरी रस्त्यावर सुरू झाली. १९७२ पासून तिथे सप्टेंबरमध्ये १०० किलोमीटरची शर्यत होते. १९९५ मध्ये दुर्बीच्या खोऱ्यातल्या नाँ गावातून पहिली ‘ताँप्लिए’ शर्यत निघाली आणि फ्रान्समधल्या ट्रेल रनिंगची ती पायाभरणी मानली जाते. बाराव्या शतकात लार्झाकवर टेंपलर या लढवय्या धर्मसंघाची जहागीर होती. ला कुव्हेर्त्वाराद, सँत-एलाली यांसारखी तटबंदीची गावे त्या काळाची आणि नंतर तिथे आलेल्या हॉस्पिटलर या तशाच धर्मसंघाची. शर्यतीचे नाव टेंपलरांवरून आले, फ्रेंचमध्ये त्यांना ‘ताँप्लिए’ म्हणतात. पुढे शर्यत मियोला आली आणि तिचा अनेक अंतरांचा उत्सव झाला. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तो भरतो. मुख्य शर्यत सुमारे ८० किलोमीटरची, एकूण चढ साधारण ३,५०० मीटर. पहाटेच्या काळोखात हेडलॅम्प लावून सुरुवात होते, आणि शेवटी, पाय थकलेले असताना, मियोच्या डोक्यावरचा प्युंशो दागास्त हा सुळका चढून त्याच्या कुशीतल्या गुहेतून उतरावे लागते. समोर मियोचा ३४३ मीटर उंचीचा महापूल दिसत असतो. एकूण चढाचा आकडा आल्प्सच्या शर्यतींपुढे लहान वाटतो, पण तिथल्यासारखा एक लांब चढ इथे नाही. तेच ४००-५०० मीटर पुन्हा पुन्हा चढायचे आणि प्रत्येक वेळी मधल्या सपाटीवर खरोखर धावायचे. चालून दम खायला जागाच नसते. या पठारांची खरी कसोटी ती आहे.

शर्यतीविना धावायचे तर ल रोझिए या तार्न आणि जोंत यांच्या संगमावरच्या गावाहून निघणारी मेजाँच्या कड्याची वाट सर्वांत सुंदर. गावातून काप्लुक या खडकाच्या आधाराने बांधलेल्या वस्तीकडे चढावे, मग जोंतच्या दरीवर टांगल्यासारख्या अरुंद पट्टीवरून पुढे जावे. उजव्या हाताला कडा तुटलेला, डाव्या हाताला पिवळसर भिंत, आणि मध्येच फुलदाणीच्या आकाराचे दोन दगडी खांब. ग्रिफन गिधाडे इथे डोळ्यांच्या पातळीवर, कधी तर खालून, घिरट्या घालत जातात. १९४० च्या दशकात ती या भागातून नाहीशी झाली होती. १९८१ पासून ती पुन्हा सोडण्यात आली आणि आता जोंतच्या कड्यांत त्यांची मोठी वसाहत आहे. अरुंद पट्टीवर धावण्याचा मोह आवरून चालावे, हे बरे.

हंगाम वसंत आणि शरद ऋतूचा. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर सावली नसते, आणि दोन गावांमधल्या लांब टप्प्यात पाण्याची सोय नसते. निदान दोन लिटर पाणी सोबत हवे. शरदात भूमध्य समुद्रावरून येणारा बाष्पाने भरलेला वारा सेव्हेनला धडकून अतिवृष्टी होते. तेव्हा घळीतल्या नद्या काही तासांत फुगतात, म्हणून दरीतले मार्ग टाळावेत. शिकारीचा हंगामही सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत असतो. भडक रंगाचे कपडे घालावेत. कुंपणाचे फाटक उघडले तर आपल्यामागे लावून घ्यावे. लांडगे परतल्यापासून काही कळपांसोबत मोठे पांढरे राखणीचे कुत्रे असतात. असा कळप दिसला की दुरून वळसा घालावा, आणि कुत्रा अंगावर आलाच तर धावणे थांबवून, त्याच्याकडे रोखून न बघता, हळू चालत मागे सरावे.