यंत्र आणि देह यांच्यातला सांधा

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या पारदर्शक छताला गोळी लागली की त्याचे बारीक कपचे उडून वैमानिकाच्या डोळ्यांत रुतत. हे छत काचेचं नसे, अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचं असे. अशा वैमानिकांचे डोळे तपासताना लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या एक गोष्ट लक्षात आली. डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी डोळा लाल होतो, पाणी गळू लागतं. इथे मात्र प्लास्टिकचे कण आत राहूनही डोळा शांत होता. शरीराने या परक्या पाहुण्याशी भांडण उकरून काढलंच नव्हतं. १९४९ साली रिडलींनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून घेतलं आणि मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आज ही शस्त्रक्रिया इतकी नित्याची झाली आहे की भिंग बसवलेल्या माणसाला आपल्या देहात एक बनवलेला भाग आहे याची आठवणही राहत नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतं. मागच्या दृष्टिपटलाला मात्र हे किरण थोडेफार कळतात. त्यामुळे नैसर्गिक भिंग काढून टाकलेल्या काहींना इतरांना न दिसणारा अतिनील प्रकाश फिकट निळसर पांढरा दिसू लागला. करायला गेले दुरुस्ती आणि हाती आली निसर्गाने माणसाला न दिलेली दृष्टी! पुढे भिंग बनवणाऱ्यांनी प्लास्टिकमध्ये अतिनील किरण शोषणारे पदार्थ मिसळले आणि ही जादा दृष्टी जाणूनबुजून बंद केली, कारण हे किरण दृष्टिपटलाला इजा करतात. शरीराची जी मर्यादा आपल्याला उणीव वाटते, ती कधी कधी राखणदार असते.

तंत्रज्ञानाने माणसाची ताकद वाढवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलादी हात आणि मेंदूतल्या चिप येतात. यंत्राच्या ताकदीचा प्रश्न मात्र कधीच सुटलेला आहे. क्रेन कुठल्याही पैलवानापेक्षा जास्त वजन उचलते, कॅमेरा गरुडापेक्षा दूरचं टिपतो. अडतं ते यंत्र आणि देह एकमेकांना भेटतात तिथे, त्यांच्या सांध्यावर. एखादं नवं उपकरण जाहीर झालं की मी सर्वांत आधी या सांध्याचीच चौकशी करतो.

जर्मनीचा मार्कुस रेम हा लांब उडी मारणारा खेळाडू घ्या. लहानपणीच्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तिथे तो कार्बन फायबरचं वाकडं पातं बांधतो आणि उडीही त्याच पायावरून घेतो. २०२३ साली त्याने ८.७२ मीटर उडी मारली. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक ८.४१ मीटरला मिळालं होतं. पण त्याही आधी, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याला उतरता आलं नव्हतं. पात्यामुळे आपल्याला गैरफायदा मिळत नाही हे त्यानेच सिद्ध करावं अशी अट होती, आणि ते निर्विवाद सिद्ध झालं नाही. होणार तरी कसं? अशा खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं ते असं: धाव घेताना पातं त्यांना मागे खेचतं, त्यांचा वेग कमी पडतो, उडी घेताना मात्र तेच पातं दाबली गेलेली ऊर्जा फार थोड्या नुकसानीत परत देतं. एकच पाय, दहा पावलं तोटा आणि अकराव्या पावलाला नफा. याची बेरीज शून्यावर आली की नाही, हे ठरवायला रेमची दोन पायांची आवृत्ती शेजारी उभी करावी लागेल.

पातं कितीही उत्तम असलं तरी ते कापून उरलेल्या पायाच्या खुंटावर चढवलेल्या खोळीवर, म्हणजे सॉकेटवर, उभं असतं. आत घाम येतो, कातडी सोलते, दिवसभरात खुंटाचा आकारही थोडा बदलतो. त्यावर एक उपाय स्वीडनमधून आला. पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटेनियमची नळी प्रयोगानंतर काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला घट्ट बिलगून वाढलं होतं. दातांची आजची रोपणं या शोधावर उभी आहेत, आणि १९९०पासून काही रुग्णांमध्ये कृत्रिम पायही थेट मांडीच्या हाडातल्या टायटेनियमच्या दांड्याला जोडले गेले. हाड राजी झालं, कातडी मात्र अजून पुरती राजी नाही. धातू जिथे कातडीतून बाहेर येतो तिथे जंतूंना वाट मिळते. कातडी भेदून बाहेर येऊनही निरोगी राहणारी कठीण गोष्ट निसर्गात फार विरळा, म्हणून संशोधकांनी हरणाच्या शिंगांच्या मुळाशी कातडी हाडाला कशी चिकटते याचा बारकाईने अभ्यास केला.

एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतले ह्यू हर यांनी सांध्याकडे वेगळ्या वाटेने पाहिलं. १९८२ साली गिर्यारोहणात हिमवादळात अडकून हिमदंशाने त्यांनी दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावले. माणसाच्या पायासारखाच पाय बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी कड्याला साजेसे पाय बनवले. खडकाच्या बोटभर कंगोऱ्यावर टेकणारा एक, बर्फात रुतणारा अणकुचीदार दुसरा, शिवाय उंची हवी तेवढी कमी-जास्त. ते पुन्हा अव्वल दर्जाचे आरोहक झाले. माणसाचं पाऊल चालण्यासाठी, धावण्यासाठी, तोल सांभाळण्यासाठी, सगळ्यासाठी बेताचं घडलेलं आहे; एकाच कामाचा पाय त्या एका कामात त्याच्यावर मात करू शकतो.

या सगळ्या क्षेत्रातलं माझं सर्वांत आवडतं उपकरण मात्र इतकं साधं आहे की त्यात मोटर नाही, बॅटरीही नाही. धडधाकट माणसाचं चालणं सोपं करणारा यांत्रिक सांगाडा बनवण्याची खटपट बरीच वर्षं चालली होती आणि बहुतेक प्रयत्न उलटे पडत. यंत्र मदत करी त्यापेक्षा त्याचं वजन जास्त दमवी. चालण्याची क्रिया लाखो वर्षांत इतकी घासूनपुसून काटकसरी झाली आहे की तिच्यात आणखी बचत शोधणं अवघड. २०१५ साली स्टीव्हन कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याला बांधायचं एक हलकं उपकरण ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं. त्यात होती एक स्प्रिंग आणि एक क्लच. चालण्याला लागणारी ऊर्जा त्याने सुमारे ७ टक्क्यांनी घटली.

बाहेरून काडीचीही ऊर्जा न देता हे कसं झालं? पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना पोटरीचा स्नायू टाचेवरची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, ताणून धरतो. त्या वेळी तो फारसा आखडत नाही, नुसता धरून ठेवतो. पण स्नायूला नुसतं धरून ठेवायलाही ऊर्जा जाळावी लागते. जड पिशवी हातात घेऊन स्तब्ध उभे राहिलात तरी हात भरून येतो तो यामुळेच. खुंटीला टांगलेली तीच पिशवी खुंटीला काही दमवत नाही. क्लच पाऊल टेकताच स्प्रिंग अडकवतो, धरून ठेवण्याचं काम स्प्रिंगकडे जातं, पाऊल उचलताच क्लच सुटतो. पोटरीला खुंटी मिळाली, इतकंच. कॉलिन्स यांच्या गटाने आणखी कडक स्प्रिंगा लावून पाहिल्या, तेव्हा फायदा वाढण्याऐवजी नाहीसाच झाला. उपकरणाने जास्त जोर लावला की देह आपली चाल मोडून त्याच्याशी जुळवून घेऊ लागतो आणि वाचवलेली ऊर्जा दुसरीकडे खर्च होते. देहाला किती मदत करायची याचं माप देहच ठरवतो.

यंत्राशिवाय, जनुकांत फेरफार करून ताकद वाढवली तर सांध्याची कटकट उरणार नाही असं वाटेल. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. १९९७ साली त्याचं जनुक बंद केलेले उंदीर तयार झाले. त्यांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. साहजिकच मोठ्या आशा निर्माण झाल्या. काही वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी अशा उंदरांच्या कंडरा तपासल्या. त्या लहान आणि ठिसूळ निघाल्या. दोर तोच, किंबहुना आणखी कच्चा, आणि ओढणारा बैल दुप्पट.

आता मेंदूकडे. सांध्याची दुसरी बाजू इथे आहे, आणि इथे देह विलक्षण उदार आहे. जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या संशोधकांनी एक कमरपट्टा केला होता. त्यातल्या मोटरांपैकी ज्या वेळी जी उत्तरेकडे असेल ती सतत किंचित थरथरत राही. काही आठवडे तो घालून वावरलेल्यांपैकी काहींना पुढे थरथर जाणवेनाशी झाली, दिशा जाणवू लागली. माणसाला नसलेलं एक इंद्रिय कंबरेच्या कातडीतून आत शिरलं.

‘तिसरा अंगठा’ हा प्रयोग त्याहून धीट. डॅनी क्लोड या डिझायनरने बनवलेला हा लवचीक जादा अंगठा तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला बसतो आणि तो हलवायचा पायाच्या अंगठ्यांनी. बुटात दाब ओळखणारे सेन्सर असतात, पायाचा अंगठा दाबला की हातावरचा वळतो. सांगायला किचकट, पण २०२२ साली लंडनच्या एका विज्ञान प्रदर्शनात ३ ते ९६ वर्षांच्या ५९६ जणांनी तो लावून पाहिला आणि ९८ टक्के लोकांनी पहिल्याच मिनिटात त्याने वस्तू हाताळल्या. मेंदू आणि मज्जासंस्थेचा अभ्यास करणाऱ्या तामार माकिन यांच्या गटाने त्याआधी काही स्वयंसेवकांना पाच दिवस सराव दिला होता. ते एका हातात बाटली धरून त्याच हाताने टोपण फिरवू लागले, डोळे बांधूनही काम करू लागले. पण मेंदूचं स्कॅन केल्यावर दिसलं की मेंदूतल्या हाताच्या नकाशात त्यांची खरी बोटं एकमेकांपासून पूर्वीइतकी वेगळी उमटत नव्हती. सराव थांबल्यावर आठवड्याने काहींना पुन्हा तपासलं तर बदल ओसरला होता. जादा अंगठ्यासाठी मेंदूने नवी जागा बांधली नाही, आहे त्याच घरात भिंती सरकवल्या. तो अंगठा वर्षानुवर्षं वापरला तर भिंती कुठवर सरकतील, हा प्रश्न मला या प्रयोगाच्या यशाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वाट अरुंद असली तर मेंदूच्या या उदारपणालाही मर्यादा येते. जन्मतः किंवा नंतर बहिरेपण आलेल्या लाखो लोकांना कॉक्लियर इम्प्लांट या आतल्या कानात बसवायच्या विद्युत् उपकरणाने आवाज दिला. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या मुख्य केसपेशी सुमारे ३,५०० असतात. त्यांच्या जागी इम्प्लांटची वीसेक विद्युत्-टोकं काम करतात, आणि कानातल्या द्रवात त्यांचा प्रवाह पसरून एकमेकांत मिसळतो. तरीही मेंदू महिनोन्महिने शिकून त्यातून बोलणं वेगळं काढतो. संगीतात मात्र स्वरांचे बारीक भेद हरवतात.

थेट मेंदूत घातलेल्या तारांबद्दलची आश्वासनं ऐकताना हेच आठवावं. २०२३ साली वाचा गमावलेल्या दोन स्त्रियांना मेंदूतल्या संकेतांवरून मिनिटाला ६२ आणि ७८ शब्द बोलता आले. त्यांच्यासाठी हे किती मोठं आहे, हे आपण सहज बोलणाऱ्यांना कळणं कठीण. पण साधं बोलणं मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्दांचं असतं, आणि पहिल्या प्रयोगात मोठा शब्दसंग्रह वापरताना साधारण दर चौथा शब्द चुकत होता. २०२४ साली न्यूरालिंक या मेंदूत चिप बसवणाऱ्या कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलेल्या ६४ विद्युत्-धाग्यांपैकी बरेच काही आठवड्यांत मागे सरकले. मेंदू मऊ असतो, नाडी आणि श्वासाबरोबर हलत असतो, आणि परक्या टोकाभोवती हळूहळू व्रण तयार करतो.

शिवाय कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दोन संशोधकांनी अलीकडे मांडलेला हिशेब मला फार विचारात पाडतो. टायपिंग असो, बोलणं असो की स्पर्धेत रुबिक क्यूब सोडवणं असो, माणसाच्या जाणत्या कृतीचा वेग सेकंदाला सुमारे १० बिट (बिट म्हणजे माहितीचं सर्वांत लहान माप) भरतो. इंद्रियांतून आत येणारी माहिती मात्र सेकंदाला अब्जभर बिट. हा हिशेब बरोबर असेल तर निरोगी माणसाच्या बोटांऐवजी मेंदूतून तार काढून त्याचे विचार काही वेगवान होणार नाहीत. लकवा झालेल्यासाठी ती तार म्हणजे जग पुन्हा उघडणं आहे. म्हणून मला वाटतं, या तारांवरचा पैसा आणि कौशल्य आधी त्यांच्याकडे जावं.

एक सांधा अजून राहिला, आणि तो प्रयोगशाळेत दिसत नाही. आर्गस-२ नावाचं दृष्टिपटलावरचं उपकरण ६० विद्युत्-टोकांनी अंध व्यक्तींना प्रकाशाचे ठिपके दाखवत असे. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते डोळ्यात बसवून घेतलं. मग ते बनवणारी कंपनी आर्थिक अडचणीत आली, उपकरणाचं उत्पादन बंद झालं, सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेनाशी झाली. उपकरण डोळ्यातच होतं. देहाने ते स्वीकारलं होतं, मेंदू त्याची भाषा शिकला होता, तुटला तो त्याला बनवणाऱ्याशी असलेला धागा.

याच्या उलट उदाहरण आर्ने लार्सन यांचं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळ सर्जन ओके सेनिंग यांनी त्यांच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसवलेला पेसमेकर घातला. तो अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी घडवला होता. काही तासांतच तो बंद पडला. मग दुसरा घातला, पुढे तिसरा, आणि असं करत करत आयुष्यभरात वीसहून अधिक. पेसमेकर बनवणारे बदलत गेले, लार्सन यांना पुढचा पेसमेकर मिळत राहिला. एल्मक्विस्ट १९९६ साली गेले, सेनिंग २००० साली. लार्सन गेले ते २००१मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, कर्करोगाने. हृदय तोवर चालू होतं.