महाराजांची शिवराई आणि दुदांडी शिवराई

मागच्या दिवाळीत काटोलचा मावसभाऊ रुमालात बांधून तांब्याचं एक नाणं घेऊन आला. घराची झाडझूड करताना आजीच्या जुन्या पेटीत सापडलं होतं. "दादा, थे महाराजाचीच हाय ना? गावात एक जण म्हणे का लाखाची हाय." मी नाणं खिडकीपाशी नेलं आणि उजेडात जरा तिरपं धरलं. एका बाजूला वरपासून खाली "श्री", "राजा", "शिव". दुसऱ्या बाजूला वर "छत्र", खाली "पति". आणि त्या दोन शब्दांच्या मधोमध दोन आडव्या रेघा. त्या दिसल्या तसं मी त्याला आधी निवांत चहा घेऊ दिला.

शिवराई खरी होती. पण ती महाराजांच्या काळातली नव्हती. कमी पैशात जुनी नाणी जमवू पाहणारा आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक माणूस इथेच पहिला अडखळतो. मीही अडखळलो होतो, आणि मला समजवायला कुणी दादा नव्हता.

1674 साली राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आपल्या खिशाबाहेरचा, त्याचा विषयच सोडा. (किल्ल्यांच्या पायथ्याशी मिळणारे पिवळेधमक "होन" शोभेचे असतात, तेवढं लक्षात ठेवा.) शिवराई मात्र बाजारातला पैसा होती. मीठ-मिरची घ्यायला चालणारी, हजारो हातांतून फिरलेली. तीन ओळींत "श्री राजा शिव" आणि मागे दोन ओळींत "छत्रपति", भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. एवढा साधा मजकूर, तोही देवनागरीत, तेव्हा आसपासच्या बहुतेक नाण्यांवर फारसी असताना.

मग गंमत अशी झाली की महाराज गेले तरी "शिव" हे नाव नाण्यावरून गेलं नाही. पुढच्या छत्रपतींच्या काळात, मग पेशवाईत, हाच मजकूर पडत राहिला. पेशव्यांनी टाकसाळींचे परवाने खाजगी लोकांनाही दिले होते. ठसे कोरणाऱ्याला वाचता येत असेलच असं नाही. त्यामुळे कुठे "शिव"चा "सिव" झाला, कुठे वेलांटी उलटी फिरली, कुठे अक्षरांच्या नुसत्या काड्या उरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ॲबट नावाच्या एका मिशनऱ्यानं बाजारातल्या हजारो शिवराया गोळा करून पाहिल्या, तेव्हा त्याला सुमारे 150 प्रकार वेगळे काढता आले. "शिवराई" हे तोवर राजाच्या नावापेक्षा नाण्याचंच नाव होऊन बसलं होतं. दोन पैशांचा तो ढब्बू, तशी एका पैशाची ही शिवराई.

या उशिराच्या शिवरायांपैकी सगळ्यात जास्त दिसणारी ती दुदांडी. पेशवाईच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची. दोन दांड्या म्हणून दुदांडी, नाव अगदी सरळ आहे. पण ओळखताना नवख्याची चूक ठरलेली: तो "पति"वरची शिरोरेघ मोजतो, तिच्यावर दिसणारा एखादा ओरखडा धरतो आणि "झाल्या दोन" म्हणतो. किंवा याच्या उलट, झिजलेल्या नाण्यावर एकच दांडी उरलेली असते आणि तो खूश होतो, की ही जुनी! शिरोरेघेला अक्षर लटकलेलं असतं, दांडीला काही लटकलेलं नसतं. ती दोन शब्दांच्या मध्ये मोकळी पडलेली असते. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूनं टाका, म्हणजे झिजलेली दांडीही सावलीमुळे उठून दिसते.

दुसरी खूण वजनाची. महाराजांच्या काळातली शिवराई साधारण तोळाभर किंवा किंचित जास्त भरते, म्हणजे 11 ते 13 ग्रॅम. दुदांडी हलकी, 8 ते 10 ग्रॅमच्या घरात. झीज धरून चालावं लागतं, त्यामुळे नुसत्या वजनावर निकाल देऊ नये. पण तळहातावर दोन्ही शेजारी ठेवल्या तर वजनातला फरक काट्याशिवायही जाणवतो. जुनीची अक्षरं मला नेहमी जास्त सावकाश कोरलेली वाटतात. दुदांडीची अक्षरं घाईत असतात, चकतीवर मावत नाहीत, आणि "श्री"चा अर्धा भाग बऱ्याचदा नाण्याच्या बाहेरच राहिलेला असतो.

नागपुरात यात आणखी एक गोंधळ भर घालतो. इथे जुन्या वस्तू विकणारा कुणीतरी हमखास सांगतो, "भाऊ, भोसल्यांची शिवराई हाय, आपल्या राजाची." भोसले आडनाव एक असलं तरी नागपूरकर भोसल्यांचं घराणं वेगळं, आणि त्यांच्या रुपयाची तऱ्हाही वेगळी. 1751 साली ओडिशा त्यांच्याकडे आला. मग कटकच्या टाकसाळीत त्यांनी चांदीचे रुपये पाडले ते फारसी अक्षरांत, दिल्लीचा बादशहा अहमदशाह याच्या नावानं. अहमदशाहाची गादी 1754 मध्ये गेली, तरी त्याच्या नावाचे रुपये नंतरही पडत राहिले. म्हणजे मराठ्यांच्या टाकसाळीत बादशहाचं नाव आणि पेशवाईच्या पैशावर महाराजांचं. नाण्यावरचं नाव ही पाडणाऱ्याची सही असते, असं आपण उगाच धरून चालतो. बाजाराला ओळखीचं नाणं लागायचं, आणि जे नाव चालतं ते ठशावर राहायचं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्म्या फसवणुका आपोआप टळतात.

उरलेल्या निम्म्या ओतीव नकला. खरी शिवराई, जुनी असो की दुदांडी, हातोड्यानं ठोकलेली असते. म्हणून चकती वेडीवाकडी, कडेला ठोकताना पडलेल्या बारीक चिरा, आणि कुठलीही दोन नाणी हुबेहूब सारखी नाहीत. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ असते (ती कानशीनं घासलेली असली तरी बोटाला लागते), पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टोचल्यासारखे खड्डे असतात आणि अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. विकणाऱ्याकडे एकच "महाराजांची" शिवराई असेल तर आणखी आहे का विचारा. दुसरी निघाली आणि तिच्यावरही "राजा"च्या त्याच कान्यावर तोच टवका असला, तर दोन्ही त्याच्याकडेच राहू द्या.

नकला बहुतेक महाराजांच्या शिवराईच्या होतात, कारण भाव तिला आहे. दीडशे रुपयांच्या नाण्याची नक्कल करून कुणाचं पोट भरणार? म्हणून नवख्याला मी सरळ सांगतो, पहिली चार-पाच नाणी दुदांडीच घे. माझी पहिली दुदांडी 150 रुपयांची. तिच्यावर डोळा तयार झाला, आणि मग पैसे साठवून घेतलेली जुनी शिवराई ओळखता आली. जुनं म्हणजे महाग, हाही तसाच एक गैरसमज. सातवाहनांचं हत्ती छापलेलं मिश्रधातूचं छोटं नाणं दीड-दोन हजार वर्षांचं, पण चांगल्या शिवराईपेक्षा स्वस्त मिळू शकतं. कारण तसली नाणी मुळातच ढिगानं पाडली गेली होती: 1939 साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला दीड हजारांवर नाणी एकाच साठ्यात निघाली.

नाणं घासू नका. मी घासलंय, चिंच-मीठ लावून, देवाची भांडी घासतात तसं. दोन मिनिटांत अडीचशे वर्षांचा तपकिरी थर गेला आणि हातात गुलाबी तांब्याची चकती उरली. त्यातली "छत्र"ची अक्षरंही पुसट झाली. आणि शेतात नांगरताना हंडा लागला तर तो संग्रहात येत नाही. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं.

मावसभावाला हे सगळं सांगितलं नाही, चहाच्या दोन कपांत मावण्यासारखं नव्हतंच. इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या दुकानी काट्यावर ठेवलं: 8.9 ग्रॅम. तो आकड्याकडे बघत राहिला. "मंग लाखाची नाही?" "नाही." "पण खरी हाय ना?" "खरी आहे." त्यानं नाणं परत रुमालात बांधलं, दोनदा गाठ मारली आणि म्हणाला, "मंग राहू दे. आजीनं ठेवली होती."